पुराचा वाटा

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. तथापि तीर आहे. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा या तालुक्यांतील गावांना स्पर्श करीत गोदावरी या जिल्ह्यातून वाहत जाते. त्र्यंबकेश्वरी उगम पावून बंगालच्या उपसागरास मिळेपर्यंत तिचा प्रवास सुमारे १,४६५ किलोमीटरांचा आहे. परंतु येथील माणूस तिला गोदावरी क्वचितच म्हणतो. त्याच्या तोंडी ती गंगा आहे. आणि तिच्या दोन्ही काठांच्या सुपीक पट्ट्याला जुनी माणसे गंगथडी म्हणतात. थडी म्हणजे काठ. या काठाला नदीने पुष्कळ दिले. पुराने आणून टाकलेला गाळ हेच येथल्या शेताचे धन होय. पण ज्या पाण्याने शेत पिकते, तेच पाणी एखाद्या वर्षी घरात शिरते. म्हणून नदीकाठच्या गावापुढील खरा प्रश्न पूर कसा थांबवावा, हा नव्हे. पुराला कोणती जागा द्यावी आणि कोणती देऊ नये, हा तो प्रश्न आहे.

जुन्या गावाने याचे उत्तर नेहमीच्या बोलण्यातल्या दोन शब्दांत देऊन ठेविले होते. जेथे वस्ती ती पांढरी, आणि जेथे पीक ती काळी. पांढरी ही बहुधा उंचवट्यावर असे. मातीची घरे पडावीत, त्यांच्याच मातीवर नवी उठावीत, असे पिढ्यानुपिढ्या होत गावाचे टेकाड चढत जाई. सर्वांत उंच जागी गढी, तिच्या आसपास देऊळ, पार व चावडी. तेथून उतरत गेले की घाट, आणि घाटाखाली नदीचे वाळवंट. उन्हाळ्यात याच वाळवंटात जत्रा भरे, कुस्त्यांचा फड रंगे, कलिंगडा-खरबुजांच्या वाड्या लागत. मृग लागला की वाड्या उठत, दुकाने वर जात, आणि ती सारी जागा पुन्हा नदीच्या स्वाधीन होई. त्याबद्दल कोणी खेद करीत नसे. पावसाळ्याचे चार महिने नदीचे व उरलेले आठ गावाचे, ही वाटणी सर्वांना मान्य होती.

या वाटणीचे उत्तम उदाहरण म्हणजे घाट. घाट हा बुडण्यासाठीच बांधलेला असतो. पाणी एक हात चढले, तर दोन पायऱ्या बुडतात आणि माणूस तिसरीवर उभा राहतो. पाणी ओसरले, की गाळ धुऊन काढायचा. पायरी होती तशीच असते. पाथरी तालुक्यातील मुदगल येथे मुद्गलेश्वराचे देवालय तर नदीच्या पात्रातच उभे आहे. मोठ्या पुरात ते पाण्याखाली जाते, आणि पूर उतरला की पुन्हा दर्शनास खुले होते. ते बांधणाऱ्यांनी पाण्याशी झुंज घेण्याचे मनात आणले नाही. पाणी अंगावरून जाऊ देण्याइतके जड, घट्ट आणि साधे असे बांधकाम त्यांनी केले. तुकोबांच्या लव्हाळ्याचा दृष्टांत मराठी श्रोत्यास सांगावा लागत नाही. लव्हाळे नम्रतेने वाचते, तर मुदगलची शिळा भाराने वाचते. परंतु दोघेही पुराला वाट देतात.

खळ्यावर धान्याची रास पडली, की शेतकरी बलुतेदारांचा वाटा आधी काढी आणि मग उरलेले घरी नेई. नदी ही गावाची अशीच एक हक्कदार होय. तिचा वाटा धान्याचा नसून जागेचा आहे, आणि ती तो दरवर्षी मागत नाही, एवढाच काय तो फरक. ज्या गावाने तो काढून ठेविला नाही, त्याच्याकडून ती तो एकदम वसूल करते.

हा वाटा गाव विसरले कसे, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण ते केवळ निष्काळजीपणामुळे घडलेले नाही. पैठण येथील जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पूर्णा नदीवर जिंतूर तालुक्यात येलदरीचे धरण झाले, सेलू तालुक्यात दुधनेवर निम्न दुधना प्रकल्प झाला. पुढे गोदावरीच्या पात्रात ढालेगाव, तारूगव्हाण, मुदगल, मुळी, डिग्रस असे बंधारे बांधले गेले. या कामांनी जिल्ह्याला पाणी दिले, ऊस दिला, उन्हाळ्यात पिण्याची सोय केली. त्यांचे हे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्यांच्यामुळे एक अनपेक्षित गोष्ट घडली. दर दोन-तीन वर्षांनी येणारे लहान पूर धरणाने आपल्या पोटात घेतले, आणि काठावरची पिढी नदी शांत झाली असे समजू लागली.

लहान पूर हे गावाचे शिक्षक होते. पाणी कोठवर येते, कोणत्या ओढ्यातून उलटे शिरते, कोणती वाट आधी बुडते, हे ते मुलांना लहानपणीच शिकवीत. शिक्षक गेले आणि धडाही गेला. मग काठाच्या उतारावर एक दुकान आले, त्याच्या मागे गुदाम आले. ओढ्यावर लहान नळ टाकून रस्ता नेला, आणि मोकळी जागा पडीक आहे असे म्हणून तेथेच सार्वजनिक इमारत उठविली. परंतु धरण लहान पूर गिळते, तसा मोठा पूर त्याला गिळता येत नाही. धरण भरल्यावर वरून येणारे पाणी खाली सोडण्यावाचून गत्यंतर नसते. न सोडावे, तर धरणासच धोका. २००६ च्या ऑगस्ट महिन्यात जायकवाडीतून सेकंदास सुमारे अडीच लाख घनफूट पाणी सोडावे लागले. याचा अर्थ असा, की दर सेकंदाला सुमारे ७० लाख लिटर पाणी खाली येत होते. पैठण, गंगाखेड व नांदेड येथील नदीकाठच्या वस्त्यांतून ते शिरले. तीस वर्षांत जे विसरले गेले होते, ते दोन-तीन दिवसांत आठवले. पुढे २०२४ च्या सप्टेंबरच्या आरंभीच्या अतिवृष्टीने व २०२५ च्या सप्टेंबरातील पुरांनी तोच धडा पुन्हा दिला.

येथे एका शंकेचे निरसन करावयास हवे. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याने नदीकाठासाठी दोन रेषा ठरविल्या आहेत. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी व निळी रेषा यांमधील क्षेत्र निषिद्ध होय. तेथे शेती, उद्यान, क्रीडांगण यांसारख्या मोकळ्या उपयोगांना वाव आहे, इमारतींना नाही. निळ्या व लाल रेषांमधील क्षेत्र नियंत्रित होय. परंतु ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द कानी पडताच माणूस बोटांवर वर्षे मोजू लागतो. २००६ साली येऊन गेला, आता २१०६ पर्यंत निश्चिंती, असे त्यास वाटते. गणित तसे नाही. त्या शब्दांचा अर्थ इतकाच, की दरवर्षी अशा पुराचा संभव शंभरात एक आहे, मग गेल्या वर्षी तो येऊन गेलेला असो वा नसो. या हिशेबाने, लाल रेषेवर बांधलेल्या घरात तीस वर्षे राहणाऱ्या कुटुंबाच्या दाराशी असा पूर निदान एकदा येण्याचा संभव शंभरात सव्वीस होतो. आणि निळ्या रेषेवर पंचवीस वर्षे राहणाऱ्याच्या बाबतीत तोच संभव शंभरात चौसष्ट आहे. चौसष्ट हा आकडा दैवावर सोडण्यासारखा नाही.

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्या संस्थानाच्या राजधानीने हा प्रश्न फार मोठी किंमत देऊन सोडविला होता. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या पुराने हैदराबाद शहराचा मोठा भाग वाहून गेला आणि सहस्रावधी माणसे प्राणास मुकली. अफजलगंजजवळ एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली, असे सांगतात. पुढे तेथे झालेल्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात ते झाड जपून ठेवलेले आहे. त्यानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस पाचारण केले. पुण्यास शिकलेले आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांनी नावारूपास आलेले हे अभियंते महाराष्ट्रास परके नव्हेत. त्यांच्या योजनेचे दोन भाग होते. शहराच्या वर पाणी अडविण्यासाठी जलाशय बांधावयाचे, हा एक. त्यातून १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर पुरे झाले. दुसरा भाग कमी बोलला जातो, पण आजच्या विषयास तोच अधिक जवळचा आहे. शहरातील नदीचे काठ नीट बांधून घेऊन तेथे फिरण्याच्या वाटा व उद्याने करावयाची. जेथे घरांची दाटी होऊन माणसे बुडाली, तेथे झाडे लावावयाची आणि हवा खाण्यास येणाऱ्यांना जागा करून द्यावयाची. उद्यानात पाणी शिरले, तर माळ्याचे चार दिवसांचे काम वाढते. घरात शिरले, तर संसार जातो. या योजनेतही पुढे शैथिल्य आले, मुसीचे पात्र आक्रसत गेले, आणि २०२० च्या ऑक्टोबरातील अतिवृष्टीत हैदराबादच्या अनेक वस्त्या पुन्हा पाण्याखाली गेल्या. जलाशय बांधून ठेवता येतो; मोकळी जागा मात्र दरवर्षी नव्याने राखावी लागते.

हॉलंड देशाचे लोक समुद्राला बांध घालण्यात जगात अग्रेसर. परंतु १९९३ व १९९५ च्या पुरांनंतर त्यांनीही बांध उंच करीत जाण्याचा मार्ग सोडून नदीला जागा परत देण्याचा मार्ग धरला. निमेगन शहरासमोर वाल नदीचा बांध सुमारे ३५० मीटर मागे घेण्यात आला, नदीला दुसरा प्रवाह खोदून दिला आणि मधल्या बेटावर उद्यान केले. ज्यांच्यापाशी धन व विद्या दोन्ही आहेत, तेही शेवटी गंगथडीच्या वाळवंटाचाच न्याय स्वीकारते झाले.

समुद्रकाठच्या गावांस एक अडचण अधिक असते. २०२१ च्या जुलैत कोकणात चिपळूण बुडाले, तेव्हा वाशिष्ठीचे पाणी खाली उतरत होते आणि समुद्राची भरती ते मागे रेटीत होती. परभणीस भरती नाही, असे म्हणून कोणी निश्चिंत होऊ नये. गोदावरी फुगली म्हणजे तिला मिळणाऱ्या पूर्णेचे पाणी पुढे सरकत नाही. त्याचा फुगवटा मागे चढतो. हीच गोष्ट गावोगावच्या ओढ्यांची. गावावर पाऊस नसताही ओढ्याच्या तोंडाने नदीचे पाणी उलटे आत येते. पूर्णेच्या दृष्टीने भरलेली गोदावरी हाच समुद्र आहे. यास्तव नदीचा काठ सांभाळला आणि ओढ्यावरील मोऱ्या अरुंद ठेविल्या, तर पुढचे दार लावून मागचे उघडे ठेवल्यासारखे होते.

मग नदीकाठची सार्वजनिक जागा कशी असावी? पहिला नियम असा, की तेथे जे बांधावे ते बुडण्यासाठी बांधावे. वेगाचे पाणी फार निर्दय असते. वेग दुप्पट झाला, तर त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून प्रवाहाला आडवी भिंत घालू नये. बागेला कुंपण हवे असल्यास ते पाणी आरपार जाईल असे विरळ असावे. नाहीतर त्यात काटक्याकुटक्या अडकून त्याचेच धरण होते. बाके दगडी व जमिनीत रोवलेली असावीत. विजेचे खटके पूररेषेच्या वर असावेत. शौचालये व उकिरडे काठावर मुळीच नसावेत, कारण त्यांची घाण पुराबरोबर गावभर पसरते. काठ धरून ठेवण्यासाठी करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन अशी पाणी सोसणारी झाडे आणि त्यांच्या पायथ्याशी वाळ्याची बेटे लावावीत. वाळ्याची मुळे सरळ खोल जातात आणि माती सुटू देत नाहीत.

दुसरा नियम काळ्या मातीने घालून दिलेला आहे. ही माती पाण्याने फुगते आणि वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. तिच्यावर बेतलेली भिंत तडकल्याशिवाय राहत नाही. पाया खालच्या मुरमापर्यंत नेणे हाच उपाय. घाटाची अगर काठाची भिंत पाणी चढत असता पडते असा समज आहे. पण पुष्कळदा ती पाणी उतरताना पडते. नदी झपाट्याने ओसरते, भिंतीमागची माती मात्र अजून पाण्याने तुडुंब असते, आणि समोरचा आधार गेल्यामुळे ती भिंतीला बाहेर ढकलते. भिंतीत ठिकठिकाणी पाणी झिरपण्यास छिद्रे ठेवणे आणि पायथा खरवडून जाऊ नये म्हणून तेथे मोठे दगड रचणे, या दोन साध्या गोष्टींनी ती वाचते.

तिसरा नियम उलट बाजूचा. काही जागा अशा, की त्या कदापि बुडता कामा नयेत. शाळा, दवाखाना, पंचायतीचे दप्तर, धान्याचे कोठार आणि पिण्याच्या पाण्याची विहीर या त्या होत. शाळा लाल रेषेच्या बाहेर हवी, कारण पुराच्या रात्री सारा गाव तेथेच येणार. विहिरीचा कठडा पुराच्या खुणेहून उंच हवा. गाव वाचले आणि पाणी नासले, तर पुरामागून रोगराई येते. आणि गावापासून त्या उंच शाळेपर्यंत जाणारा रस्ता सर्वांत शेवटी बुडणारा हवा. पुष्कळ गावांत तो सर्वांत आधी बुडतो.

याच नियमात गुरांचाही समावेश केला पाहिजे. तलाठी येतो, पोलीस येतात, होडी येते. पण दावणीला बैल सोडून शेतकरी घराबाहेर पडत नाही. त्यास हट्टी म्हणणे सोपे आहे. त्या बैलांवर त्याचे पुढचे वर्ष उभे असते, हे म्हणणारे विसरतात. बांगलादेशाच्या किनाऱ्यावर १९७० च्या भयंकर वादळानंतर माणसांबरोबर जनावरांसही आश्रय मिळावा म्हणून मातीचे प्रशस्त उंचवटे उभारण्यात आले. त्यांस तेथे किल्ला असे म्हणतात. गोदाकाठच्या गावाने गायरानातील एक कोपरा असा भर घालून उंच केला, त्यावर चार झाडे लावली व हौद बांधला, तर आठ महिने तो गुरांचा विसावा होईल आणि पुराच्या दिवशी त्यांचे प्राण वाचवील. गुरे वर गेली, की माणसे आपोआप त्यांच्या मागून जातात.

आता सर्वांत अवघड गोष्ट. निळ्या रेषेच्या आत राहतो कोण? हौसेने तेथे फार थोडे राहतात. ज्याला वर जागा मिळाली नाही, तो खाली राहतो. पांढरीच्या उंचवट्यावर गढी आली, वाडे आले. परंतु गावकुसाबाहेर ठेवलेल्यांच्या वाट्याला पुष्कळदा ओढ्याकडचा सखल भागच आला. त्यांची मातीची भिंत व माळवद पुरात दोन दिवस उभे राहिले, की विरघळू लागते. जुन्या गावाच्या शहाणपणाची वाखाणणी करताना हा त्याचा दोष झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते शहाणपण सर्वांसाठी नव्हते. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी जो प्रश्न उभा केला, तो हाच होता. सार्वजनिक म्हणविणारी जागा जर सर्वांची नसेल, तर ती सार्वजनिक कसली? काठ मोकळा करून तेथे उद्यान करावयाचे, आणि तेथून उठविलेल्या कुटुंबांस मात्र दुसऱ्या ओढ्याच्या काठी जाऊ द्यावयाचे, याला सुधारणा म्हणता येणार नाही. आधी वर, चावडी व शाळेजवळ, पायी जाता येईल एवढ्या अंतरावर त्यांस घरासाठी जागा. मग खाली बाग. हा क्रम उलटला, तर नदीचा वाटा देण्याचे सारे ओझे ज्यांच्यापाशी सर्वांत कमी आहे त्यांच्याच डोक्यावर पडते.

यांपैकी कोणतीही गोष्ट गावाच्या आटोक्याबाहेरची नाही. खर्चाच्या गोष्टींस सरकारचे साहाय्य लागेल. परंतु पहिले काम बिनखर्चाचे आहे. पूर कोठवर आला होता, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले ती माणसे अजून गावात आहेत. त्यांना सोबत घेऊन देवळाच्या ओट्यावर, चावडीच्या भिंतीवर, शाळेच्या खांबावर २००६ सालची व त्यानंतरची पाण्याची उंची दगडात कोरून ठेवावी आणि शेजारी साल लिहावे. लहान पुरांनी शिकविणे सोडले आहे. ते काम आता त्या दगडांनी करावयाचे आहे. शाळेत जाणारे मूल रोज त्या खुणेशी आपली उंची ताडून पाहील, आणि उद्या मोठे होऊन ग्रामसभेत बसेल तेव्हा कोणती जागा इमारतीस द्यावी व कोणती मोकळी ठेवावी, हे त्यास कोणी सांगावे लागणार नाही.

असे निर्णय पूर आल्यावर होत नसतात. तेव्हा केवळ धावपळ होते. ते वैशाखात करावयाचे असतात, जेव्हा नदीचे पात्र कोरडे दिसते, वाळवंट रिकामे पडलेले असते, आणि ही जागा फुकट चालली आहे असे ज्याला त्याला वाटू लागते. ती फुकट चाललेली नसते. पुराचा वाटा म्हणून ती काढून ठेवलेली असते.